मुकादम नसलेली टोळी



मी दिंडोरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बी. ए. झाले, लग्न झालं आणि या द्राक्षाच्या पट्ट्यात आले. आज मी तुम्हाला आमच्या टोळीची गोष्ट सांगणार आहे. आम्ही १३ जणी आहोत. द्राक्षबागेतली कामं आम्ही उक्ती घेतो. आमच्यावर मुकादम नाही. निदान आता नाही. एक वर्ष होता, आणि तो कोण होता तेही मी आज सांगणार आहे.

आधी पूर्वीचं सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे द्राक्ष नाही त्यांनाही कळेल. द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरला की गोडी छाटणी, जिला आपण ऑक्टोबर छाटणी म्हणतो. मग काडीला पेस्ट लावायची, फेल काढायची, काड्या बांधायच्या, शेंडे मारायचे, घडांची विरळणी करायची आणि शेवटी काढणी. एवढी कामं घरच्या माणसांनी होत नाहीत. म्हणून पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात, गावातल्या बायका जातात. मधे असतो मुकादम. बागवाला एकरी ठरवतो ते मुकादमाशी, आणि मुकादम आपल्याला देतो रोजानं. बागवाल्यानं किती दिले, गाडीभाड्यात किती गेले, त्याच्याकडे किती राहिले, हे आपल्याला कधीच कळत नाही. आखाजीला घेतलेली उचल पुढच्या आखाजीपर्यंत फिटत नाही. आणि कात्री पुरुषाच्या हातात, त्याच्या मागून काड्या गोळा करणारी बाई. त्यामुळे रोजही कमी. समान कामाला समान मोबदला हा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. पण काम समान होऊच दिलं नाही, तर मोबदला समान कशाला होईल?

आम्ही सुरुवात तिथूनच केली. गटाच्या बचतीतून १३ कात्र्या घेतल्या. गटातल्या एका ताईच्या मालकांनी आम्हाला त्यांच्या अर्ध्या एकरावर छाटणी शिकवली. कोणता डोळा ठेवायचा, काडी किती जाड असली तर किती डोळ्यांवर कापायची, हे हाताला कळायला एक हंगाम गेला. मग आम्ही बागवाल्यांना सांगायला लागलो, की आम्ही टोळी आहोत, एकरी बोला.

आता यात वाइनचा विषय कुठून आला, ते सांगते. आमच्या भागात खायच्या द्राक्षाच्या बागा आहेत, तशा वाइनच्या द्राक्षाच्याही आहेत. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ अशी नावं आता आमच्या म्हाताऱ्या मावश्यांनाही पाठ आहेत. या द्राक्षाला मणी मोठा लागत नाही, उलट लहान मण्याचं द्राक्ष वाइनला चांगलं. त्यामुळे मणी फुगवायला औषधात घड बुडवणं नाही, विरळणीचा फार खटाटोप नाही. कामाचे दिवस कमी भरतात, पण काढणी नाजूक असते. पहाटे गारव्यात घड उतरवायचे, क्रेटमध्ये पान जाऊ द्यायचं नाही, सडका घड जाऊ द्यायचा नाही, ऊन चढायच्या आत माल गाडीत. हे काम चोख करणारी टोळी मिळाली की बागवाला ती सोडत नाही.

पहिलं वाइनचं काम आलं तेव्हा आमची बैठक रात्री ११ वाजेपर्यंत चालली. कारण आमच्यातल्या सहा जणींनी माहेरच्या गावात आडव्या बाटलीला मत दिलेलं. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "ज्या हातानं बाटली आडवी केली, त्याच हातानं बाटलीचा माल तोडायचा का?" पुढे २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, राज्यभर वाद झाला आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा निघाला.

माझं उत्तर तयार होतं, की आपण द्राक्ष तोडतो, दारू विकत नाही. पण त्या काकूंना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं. मग मी त्यांना दक्षिण आफ्रिकेची हकिकत सांगितली. तिथे केप भागात वाइनचे मोठमोठे मळे आहेत. त्या मळ्यांत मजुरीचा एक भाग म्हणून मजुरांना हलकी वाइन द्यायचे. पैशाऐवजी वाइन! या पद्धतीला तिथे डॉप म्हणत. कायद्यानं बंदी आली, तरी ती कितीतरी वर्षं चालू राहिली. पिढ्यान्‌पिढ्या माणसं व्यसनात गेली, आणि आईच्या पोटात असतानाच दारूचा परिणाम झालेली मुलं त्या भागात जन्माला आली. मळा मालकाचा, वाइन मालकाची, आणि त्या वाइनचा खड्डा मात्र मजुराच्या घरात.

हे ऐकल्यावर काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "असं असेल तर काम घेऊ, पण नियम लिहून घेऊ." तो आमच्या वहीतला पहिला नियम. मजुरी रोख किंवा खात्यात. बाटली, बक्षीस, खुशी म्हणून काहीही आणलं तरी घरी न्यायचं नाही. ज्यांचं मन तयार नाही त्यांनी वाइनच्या बागेत यायचं नाही, आणि त्यासाठी त्यांना टोळीतून काढायचं नाही. दोघी आजही वाइनच्या बागेत येत नाहीत. त्या खायच्या द्राक्षाच्या कामाला येतात. टोळी मोडली नाही.

आता तो मुकादम. पहिल्या वर्षी काम भरपूर मिळालं. बोलणी मी करायचे, कारण फोन माझ्याकडे, हिशेब मला येतो. वही माझ्या घरी. पिकअप मीच ठरवायचे. हंगाम संपला, वाटप झालं, सगळ्यांच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त पैसे आले. मी खूश होते. मला वाटलं, बघा, झाली सहकारी टोळी.

वाटपाच्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी विचारलं, "ताई, पिकअप कोणाची?"

मी म्हणाले, "आमच्या दिरांची."

"मग भाडं कोणी ठरवलं?"

मला उत्तर देता येईना. कारण भाडं आमच्या घरातच ठरलं होतं. बाजारात जे चाललंय त्यापेक्षा फेरीमागे थोडं जास्त होतं. मनात पाप नव्हतं, पण कुणाला विचारलंही नव्हतं. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधीच्या मुकादमाला निदान आम्ही मुकादम म्हणत होतो."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी इतर दोन पिकअपवाल्यांना भाडं विचारलं, सगळ्या हंगामाच्या फेऱ्या मोजल्या आणि जेवढा फरक निघाला तेवढा टोळीच्या खात्यात भरला. घरी महिनाभर अबोला झाला. पण मला एक गोष्ट कळली. मुकादम म्हणजे कुणी वाईट माणूस नसतो. वही, फोन आणि गाडी एकाच्या हातात गेली, की चांगल्या माणसाचाही मुकादम होतो. म्हणून आम्ही माणूस बदलला नाही, पद्धत बदलली.

आज आमची पद्धत अशी आहे. बोलणी करायला दोघी जातात, त्यातली एक दर हंगामाला बदलते. ज्या दिवशी बोलणीला जावं लागतं त्या दिवसाची अर्धी हजेरी धरतो, कारण तेही कामच आहे. पण त्यापलीकडे जास्तीचा हिस्सा कुणालाच नाही. वही तिसरीकडे, पासबुक चौथीकडे. आणि दर शनिवारी वही मोठ्यानं वाचायची. मोठ्यानं, कारण सगळ्यांना वाचता येत नाही आणि ऐकता सगळ्यांना येतं. कुणाच्या नात्यातला माणूस, गाडी किंवा दुकान मधे येणार असेल, तर तिनं आधी सांगायचं आणि ठरवताना बाहेर बसायचं.

हिशेब कसा करतो, ते उदाहरणानं सांगते. समजा, एक काम २४,००० रुपयांना उक्तं घेतलं. गाडीभाडं आणि इतर खर्च ३,००० झाला. उरले २१,०००. त्यातून रुपयाला दहा पैसे, म्हणजे २,१०० रुपये, गंगाजळीत टाकले. उरले १८,९००. कामाला १२ जणी होत्या, चार दिवस चाललं, तीन जणींचा एकेक खाडा झाला. म्हणजे ४५ हजेऱ्या. १८,९०० भागिले ४५, एका हजेरीचे ४२० रुपये. चार दिवस आलेल्या बाईला १,६८०, तीन दिवस आलेलीला १,२६०. हे भागाकार आमच्या पाचवीतल्या मुली करून दाखवतात आणि आया बाजूला बसून तपासतात.

ती गंगाजळी कशासाठी? कुणी बाळंत झाली, कुणाचा हात कापला, कुणाच्या घरी मयत झाली, त्या वेळी मुकादमाच्या उचलीकडे जावं लागू नये म्हणून. उचल हीच खरी बेडी असते. ती तोडायची तर आपली पेटी भरलेली पाहिजे.

हजेरीवरूनही भांडण झालं, ते लपवत नाही. आमच्यातली एक तरणी मुलगी म्हणाली, "मी दोन ओळी करते तेव्हा मावशींची एक होते. दोघींना सारखं का?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्यावर तीन बैठका घातल्या. मग एका बागेत दोघींच्या ओळी मोजून पाहिल्या. मुलीच्या ओळींत चुकीच्या डोळ्यावर कापलेल्या काड्या जास्त निघाल्या, मावशींच्या ओळीत एकही नाही. बागवाला पुढच्या वर्षी बोलावतो तो कुणाच्या ओळी बघून? तेव्हा ठरलं, हजेरी सारखीच. पण मावशींनी दर ओळीमागे फिरून नव्या मुलींना शिकवायचं. आता ती मुलगीही चांगली छाटते. कधीकधी अजून कुरकुरते. कुरकुरू दे. बैठकीत कुरकुरते, हे चांगलंच आहे.

आणखी एक नियम जिवाचा आहे. छाटणीनंतर डोळे फुटायला जी पेस्ट लावतात, तिचं औषध कातडीला भाजतं. रबरी हातमोजे बागवाल्यानं दिल्याशिवाय आमची टोळी पेस्ट लावत नाही. हे बोलणीतच ठरतं. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाई पेस्टला जात नाही. तिला काड्या बांधायचं काम, हजेरी पूर्ण. आणि पेस्टच्या कामाला घरचे पुरुष जात असतील तर त्यांना जरूर सांगा. ते औषध अंगात गेलेलं असताना दारू प्यायली, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, धाप लागते. आदल्या दिवशीही नको आणि दुसऱ्या दिवशीही नको.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हीच शोधून काढलं का? नाही. आपल्याच मुंबईत १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट घेतली, शेगडी घेतली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी. तोच आजचा लिज्जत पापड. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नाही, भगिनी आहे, म्हणजे मालकीण आहे.

वाइनच्याच धंद्यातलं सांगायचं तर फ्रान्सच्या दक्षिणेला मारोसां नावाचं गाव आहे. १९०१ साली तिथले लहान लहान द्राक्षवाले एकत्र आले. एकेकट्यानं माल विकताना व्यापारी त्यांना पाडून मागायचे. त्यांनी एकत्र वाइन विकायला सुरुवात केली, आणि विकली कुणाला? पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना, मधे दलाल न ठेवता. १९०५ साली त्यांनी सगळ्यांचं मिळून वाइनचं तळघर बांधलं. म्हणजे एका टोकाला कष्टकरी आणि दुसऱ्या टोकालाही कष्टकरी. मला ही गोष्ट फार आवडते.

आता नोंदणीचं. आम्ही सध्या सहकारी संस्थेची तयारी करतो आहोत. आपल्या राज्यात १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आहे. त्यात वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० जणी लागतात. एका सभासदाला एकच मत, मग तिचे शेअर कितीही असोत. नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत जातो आणि शेअरवरच्या लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे पैसा घालणारीपेक्षा राबणारी मोठी, असं आपल्याला हवं असेल तर कायदा आड येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी हा दुसरा मार्ग आहे, पण तिथे सभासद उत्पादक असावी लागते. ज्यांचं सातबाऱ्यावर नाव नाही, त्या बायकांचं गाडं तिथे अडतं. आमच्या १३ जणींत सातबाऱ्यावर नाव असलेल्या दोघीच आहेत. म्हणून आम्ही मजुरांच्या सहकारी संस्थेकडे वळलो.

शेवटची गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यातली. एका बागवाल्यानं आम्हाला वाइनच्या बागेचं वर्षभराचं सगळं काम देऊ केलं. दर चालू दरापेक्षा जास्त. अट एकच, की वाइनरीकडून त्याचं पेमेंट आलं की आमचं पेमेंट. मी कागदावर हिशेब मांडला आणि मला वाटलं, हे घ्यायलाच पाहिजे. बैठकीत मी चांगलं अर्धा तास बोलले.

मग मत झालं. आमच्याकडे महत्त्वाचं मत मडक्यात होतं. हो म्हणायचं तर मक्याचा दाणा, नाही म्हणायचं तर चिंचोका, पदराखालून टाकायचा. मडकं पालथं केलं. आठ चिंचोके, पाच मके. मी हरले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्या पहिल्या दिवशीच्या काकूच म्हणाल्या, "ताई, वाट पाहणं ज्याच्या कणगीत धान्य आहे त्याला परवडतं." त्यांना २००८-०९ ची आठवण होती. तेव्हा मंदी आली, वाइन खपेना, लहान वाइनऱ्या बंद पडल्या, बागवाल्यांचे पैसे अडकले आणि लोकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. त्या वेळी काकूंची मजुरी बुडाली ती बुडालीच. हे माझ्या कागदावरच्या हिशेबात नव्हतं. बाजाराचा धोका बागवाल्यानं आमच्या पदरात टाकला होता आणि दर वाढवून त्यावर झाकण घातलं होतं. ते मला दिसलं नाही, त्यांना दिसलं.

आम्ही उलटा निरोप दिला. काम सुरू होताना निम्मे, काम संपल्यावर आठ दिवसांत निम्मे. त्यानं ऑक्टोबर छाटणी आणि काढणी एवढी दोन कामं आम्हाला या अटीवर दिली, बाकीची दुसऱ्या टोळीला. म्हणजे काही मिळालं, काही गेलं. आठ जणींचं बरोबर होतं की माझं, ते हंगाम संपल्यावर कळेल. पण एक नक्की झालं. समन्वयकाचं मत पडू शकतं आणि टोळी तरीही चालू राहते. ज्या टोळीत हे होऊ शकत नाही, तिथे मुकादम कुठेतरी आहे असं समजा.

तुमच्याही गटाचं काम चालत असेल. कुणाची पापड-शेवयांची भिशी असेल, कुणाची कांदा काढणीची टोळी, कुणाचं शिवणकाम. येत्या बैठकीत एवढंच करा. वही मधे ठेवा आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईला विचारा, "ही वही कोणाच्या घरी असते, गाडी कोणाची आहे आणि पैसे बँकेतून कोण काढतं?" तिन्ही प्रश्नांना एकच नाव आलं, तर त्या बाईवर रागावू नका. तिला थोडं मोकळं करा. मलाही तसंच मोकळं केलं होतं.

बाहेर छाटणी सुरू झाली आहे. कात्र्यांना धार लावून घ्या, हातमोजे मागून घ्या, हजेरी लिहून घ्या. भेटू पुन्हा. नमस्कार.